वाण घेण्याआधी

हिंगोलीच्या सायकलवाल्यांना डिसेंबरात जैसलमेरला जायचं होतं. आठवडाभर वाळवंटातून सायकल चालवायची, रात्री तंबूत झोपायचं आणि फोटो काढायचे. पण एकदम वाळवंटात उतरलं तर शरीर गांगरून जातं, आधी सराव हवा, असं ग्रुपवर एकाने लिहिलं. तो डॉक्टर नव्हता, त्याचं टाइल्सचं दुकान होतं, त्यामुळे सगळ्यांना ते लगेच पटलं. मग ठरलं, की जूनच्या सुरुवातीला, पाऊस पडायच्या आत, जिल्ह्याला एक फेरी मारायची. हिंगोलीहून कळमनुरी, पुढे डोंगरकडा, तिथून वसमतच्या बाजूला वळून शिरड शहापूर, औंढा आणि परत. वाळू सोडली तर बाकीची सगळी सोय जिल्हा या दिवसांत स्वतःच करून देतो. सावली नसते, पाणी नसतं आणि दुपारी रस्त्यावर माणूस नसतो.

शनिवारी पहाटे चौकात फक्त अनिरुद्ध उभा होता. यंदा अधिक महिना ऐन जेठात आलेला. तीन वर्षांतून एकदा येणारा धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. ग्रुपमधले निम्मे त्या दिवशी जावई म्हणून जाणार होते आणि उरलेल्यांच्या घरी जावई येणार होते. एकाला ताप होता. त्याने थर्मामीटरचा फोटोही टाकला होता.

अनिरुद्धने 'निघतो' एवढंच लिहिलं आणि निघाला. सासुरवाडीला तर त्यालाही जायचं होतं, पण ते ग्रुपवर लिहिण्यासारखं नव्हतं. शिरड शहापूरला त्याचे सासरे बंडोपंत आणि सासू गंगूताई राहत. त्यांची मुलगी जाई आणि आपण आता नवरा-बायको राहणार नाही, हे त्याला त्यांना सांगायचं होतं. अर्ज करून सहा महिने झाले होते. कोर्टाची उन्हाळी सुट्टी संपत आली होती आणि गुरुवारी पुण्यात शेवटची तारीख होती. घरून सरळ रस्त्याने शिरड शहापूर म्हणजे दोन-अडीच तासांची सायकल. अनिरुद्ध जिल्ह्याला वळसा घालून निघाला होता. तो कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायचा, त्यामुळे रस्ता चुकला असं स्वतःला सांगायचीही सोय नव्हती.

कळमनुरीच्या पुढे ऊन वर आलं. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, मधूनमधून उपटून रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, आणि क्षितिजापर्यंत उभं असं काही नाही. सायकल खूप वेळ चालवली की त्याच्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. मग बुडाची पाळी यायची. आज दोन्ही लवकर झालं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. गेले काही महिने त्याला कशाचंच फारसं वाटत नव्हतं आणि दात काढल्यावर भूल दिलेल्या गालाला बोट लावून बघतात, तसं तो ते अधूनमधून तपासून बघायचा. गाल तिथेच असायचा.

जाई दोन वर्षांपूर्वी बदली होऊन पुण्याला गेली. सुरुवातीला रोज फोन, मग एक दिवसाआड. मग एकदा दोघांच्याही लक्षात आलं, की आपण एकमेकांना गॅसचा नंबर लावला का, एवढंच विचारतो. भांडण असं झालंच नाही. झालं असतं, तर समजूत घालायला निदान चार माणसं तरी आली असती. मुलगी आरोही इंजिनिअरिंगला होती. तिला सांगितलं तेव्हा ती "मला माहीत होतं" म्हणाली आणि तिने कानात परत गाणं घातलं.

एका लिंबाखाली पाण्याचा माठ दिसला म्हणून तो थांबला. शेजारी बाजेवर एक शेतकरी पडला होता, तो उठून बसला. वैजनाथ नाव सांगितलं. पाण्याचा तांब्या भरून दिला आणि सायकलीला एक चक्कर मारून आला.

"काहून फिरून राहिले सर एवढ्या उन्हात?"

"सराव आहे."

"कशाचा?"

"वाळवंटाचा."

वैजनाथने आपल्या रानाकडे एकदा सावकाश बघून घेतलं. "मग बराबर जागी आले," तो म्हणाला. "संदेश काय हाय तुमचा?"

"कसला संदेश?"

"म्हंजे सायकलवर येतेत त्यांचा काही ना काही असतोच. मागं एक पोरगं आलतं, झाडं लावा म्हणत. त्याच्या आधी एक बाप्या आलता, दारू सोडा म्हणत. त्याला आमी शाळेत नेलं, शाल दिली, नारळ दिला. संध्याकाळी त्यालाच दारू कुठं भेटती इचारत होता, पण ते जाऊ द्या. तुमचा काय?"

"माझा काही नाही."

"काहीच न्हाई?"

"नाही."

"नोकरी गेली का?"

"आहे."

"घरी काही झालं का?"

"नाही," अनिरुद्ध म्हणाला.

म्हणाला आणि मग त्याला वाटलं, की इथे सांगायला हरकत नव्हती. ओळख ना पाळख. एकदा तोंडातून बाहेर पडलं असतं, तर सराव तरी झाला असता. पण वैजनाथने तोवर उशाचा एक कांदा काढून त्याच्या हातावर ठेवला होता. "खिशात ठेवा. ऊन बाधत न्हाई," तो म्हणाला आणि संदेश नसलेल्या माणसाशी आणखी काय बोलायचं ते न सुचून परत बाजेवर आडवा झाला.

डोंगरकड्याला केळीच्या गाड्यापाशी त्याने चार केळी खाल्ली आणि पाचवं सोलत असताना जाईचा फोन आला.

"पोचलास?"

"डोंगरकड्याला आहे."

"शिरड शहापूरला जाताना डोंगरकडा कुठून आलं?"

"फेरी आहे."

जाईच्या मागे कुकरची शिट्टी झाली. "तू येतोयस म्हणून मी आईला कळवलंय," ती म्हणाली.

"कशासाठी येतोय ते?"

"तेवढं नाही कळवलं. ते तू सांगणार आहेस, असं आपलं ठरलंय. अण्णा माझं पूर्ण ऐकून घेत नाहीत, तुझं घेतात. आणि ऐक, काल रात्री आईचा फोन होता. अनारसे झाले म्हणाली. पुरण पहाटे घालते म्हणाली. तिला वाटतंय तू धोंड्याला येतोयस."

"मग तू सांगायचंस ना, की तसं नाही."

"मग तिने विचारलं असतं, की कसं आहे."

हे बरोबर होतं. अधिक महिन्यात जावई येतो म्हणाला, तर तो दुसऱ्या कशासाठी येईल? शिरड शहापुरात हा प्रश्न कुणाला पडलाच नसता.

"जेवायच्या आधी सांग," जाई म्हणाली. "निदान वाण घ्यायच्या आधी तरी. अण्णांचं तुला माहीत आहे. हातावर पाणी सोडून दान दिलं आणि चार दिवसांनी कळलं, की घेणारा तसं समजून आलाच नव्हता, तर ते जन्मभर त्याचाच विचार करत बसतील. माझ्यावर चिडू देत, चालेल. पण फसवून दान घेतलं, असं नको."

"सांगतो."

"तू सगळ्यालाच सांगतो म्हणतोस."

"सांगतो," अनिरुद्ध म्हणाला.

डोंगरकड्याच्या केळीबागांचा हिरवा तुकडा संपला आणि पुढे खरोखरच वाळवंट म्हणावं असं सुरू झालं. मुरमाड माळ, त्यावर बोडके पळस, कोरडा नाला आणि नाल्यावर पाण्याची खोली दाखवणारा खांब. समोर डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसत होतं आणि जवळ गेलं की पुढे सरकत होतं. मृगजळ कसं होतं, ते तो वर्षानुवर्षं फळ्यावर किरणांची आकृती काढून शिकवत आला होता; पोरं ते उतरवून घ्यायची आणि त्याला स्वतःला आजवर ते असं तासभर सलग बघायची वेळ आली नव्हती. बघितल्यावरही त्यात भर घालण्यासारखं काही सापडलं नाही. बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम झालं होतं. तो पॅडल मारत होता की पॅडल त्याचे पाय फिरवत होते, हे सांगणं अवघड होतं. एका गावाबाहेर हळद वाळत पडलेली होती, तिचा वास नाकात गेला. बंडोपंतांना काय सांगायचं, ते वाक्य त्याने मनात तीन-चार प्रकारे जुळवलं आणि प्रत्येक वेळी ते तिमाही परीक्षेच्या सूचनेसारखं झालं.

शिरड शहापूरला पोचला तेव्हा दोन वाजून गेले होते. गंगूताई दारातच उभ्या होत्या.

"अगं बाई, सायकलवर! जावईबापू, गाडीला काय झालं?"

"काही नाही, आई. मुद्दाम आलो."

"मुद्दाम," गंगूताईंनी आत वळून सांगितलं. "ऐकलं का? मुद्दाम सायकलवर आलेत धोंड्याला."

बंडोपंत बाहेर आले. ते शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि गावातल्या एका देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात होती. सायकलीकडे आणि मग जावयाच्या घट्ट, चकचकीत, गुडघ्यापर्यंतच्या चड्डीकडे त्यांनी पाहिलं. "धोंड्याला चालत येणाऱ्या जावयाचं पुण्य मोठं," ते म्हणाले. "सायकलचं कुठं लिहिलेलं नाही. पण मधलं काहीतरी मिळत असेल."

"अण्णा, मला एक बोलायचं होतं."

"आधी पाय धुवू द्या."

गंगूताईंनी पायावर पाणी घातलं, बंडोपंतांनी ते पुसले. सत्तरी ओलांडलेला माणूस वाकून आपले पाय पुसतो आहे, तेव्हा त्याच्या डोक्यावरून बोलणं अनिरुद्धला जमलं नाही. मग अंघोळ झाली. नेसायला सोवळं दिलं. ते नेसून बाहेर आल्यावर तो पुन्हा म्हणाला, "अण्णा, ते बोलायचं होतं."

"बसून बोलू. पाट मांडलाय."

माजघरात कूलर घरघरत होता. पाटाभोवती रांगोळी काढली होती. समोर तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, त्यांवर तेवता दिवा, शेजारी धोतरजोडी आणि जाईसाठी जांभळी साडी. आतून पुरणाचा वास येत होता. अनिरुद्ध पाटावर बसला. शेजारचा पाट रिकामा होता.

बंडोपंतांनी डब्यातून एक सुपारी काढून त्याच्या हातावर ठेवली. "जाईला रजा नाही म्हणे. तिच्या जागी ही कमरेला लावा. दान जोडीनं घ्यायचं असतं."

सोय जुनी होती आणि बिनतक्रार होती. बायको हजर नसली की नवऱ्याने कमरेला सुपारी खोचायची. देव ती जोडी धरतात. अनिरुद्धच्या बोटांना ती सुपारी नीट लागतच नव्हती, म्हणून त्याने ती हातावरच आहे ना, ते बघून घेतलं. हिंगोलीच्या घरात तो गेली दोन वर्षं जवळपास अशीच सुपारी खोचल्यासारखा राहत होता. आणखी अर्धा तास राहिला असता, तर कुणाचं काही बिघडलं नसतं, आणि नेमकं हेच त्याला एरवी प्रत्येक वेळी वाटत आलं होतं.

"अण्णा, ही लावता येणार नाही."

"काहून? सोयर आहे का सुतक?"

"दोन्ही नाही. जाई आणि मी वेगळे होतोय. गुरुवारी कोर्टात शेवटची तारीख आहे."

परीक्षेच्या सूचनेपेक्षाही सपाट आवाजात ते झालं. गंगूताई तुपाची वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"दोघांच्या मर्जीनं?" बंडोपंतांनी विचारलं.

"हो."

"मारझोड?"

"नाही, अण्णा."

"दुसरं कुणी? तिकडून, इकडून?"

"नाही."

"मग तकलीफ काय आहे?"

अनिरुद्धने खरोखर विचार केला. "तकलीफ अशी काही नाही."

"तकलीफ नाही म्हणून सोडता?"

"तसंच म्हणावं लागेल."

"लोक तकलीफ असून राहतात," गंगूताई म्हणाल्या. "मी काय मज्जा म्हणून राहिले का इतकी वर्षं?"

"तू मध्ये बोलू नको."

"मी मध्ये कुठं बोलून राहिले? मी कडेलाच उभी आहे. इतकी वर्षं कडेलाच उभी आहे."

बंडोपंतांनी हात पुढे केला. अनिरुद्धने सुपारी त्यांच्या हातात दिली. ते ती बोटांत फिरवत बसले, किडकी निघाली की काय ते बघावं तसे.

"गुरुवारपर्यंत कायद्यानं तुम्ही जावई आहात," ते म्हणाले.

"कायद्याने आहे."

"मनानं?"

त्यांनी दार उघडून धरलं होतं. एक 'हो' म्हटलं असतं, की दिवा, दान, धोंडे, सगळं सुरळीत झालं असतं आणि जे काय व्हायचं ते गुरुवारी परगावी झालं असतं. गंगूताईंनी तुपाची वाटी दोन्ही हातांनी धरली होती. अनिरुद्धने मनातल्या मनात पुन्हा एकदा त्या बधिर गालाला बोट लावून पाहिलं.

"मनाचं मला सांगता येत नाही, अण्णा. मी बघतो, पण तिथे काही हाताला लागत नाही."

"मग दान देता येणार नाही," बंडोपंत म्हणाले.

ते चिडले नव्हते. त्यांनी सुपारी डब्यात टाकली आणि झाकण लावलं. रिकामा पाट उचलून भिंतीला उभा केला. मग अनिरुद्धकडे पाहिलं. त्याला कळलं आणि तो उठला, तसा त्यांनी दुसराही पाट उचलला. वाकून त्यांनी तळहाताने रांगोळी पुसली. एका फटक्यात पुसली गेली नाही. दोनदा पुसावी लागली. कोपऱ्यातली चटई आणून त्या जागी अंथरली.

"बसा. भरउन्हात आलेला माणूस उपाशी जात नसतो."

"आणि वाण?" गंगूताईंनी विचारलं.

"देवाला देऊ. तो कुठं जात नाही."

चटईवर ताट आलं. तेच धोंडे, तेच तूप; त्यांत काही कमी केलेलं नव्हतं. गोड आहेत, हे अनिरुद्धला एखाद्या बातमीसारखं कळत होतं. बंडोपंत समोर न बसता जरा बाजूला बसले आणि दिवा विझू नये म्हणून त्यांनी कूलरचं तोंड दुसरीकडे वळवलं. सगळ्यांना घाम फुटला. गंगूताई वाढायला आल्या.

"आणखी एक घ्या, जावई..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. धोंडा चमच्यात तसाच राहिला. "आणखी एक घ्या, सर."

त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. हिंगोलीत सगळेच त्याला सर म्हणत, दूधवालासुद्धा. अनिरुद्धचा घास घशात अडकला. पुरण कोरडं झालं असावं, असं त्याला वाटलं, पण धोंडा तर तुपात पोहत होता. तो पाणी प्यायला, आणखी पाणी प्यायला, आणि त्याने ताटातलं सगळं संपवलं.

ऊन उतरेपर्यंत तिघे तसेच बसून राहिले. बंडोपंतांनी आरोहीच्या परीक्षेचं विचारलं. अनिरुद्धने सांगितलं. मग यंदा पाऊस लांबणार का, असं विचारलं. भूगोलाचा माणूस म्हणून त्याने तेही सांगितलं. निघताना तो सवयीने नमस्काराला वाकला. बंडोपंतांनी पाय मागे घेतले नाहीत, पण आशीर्वाद काय द्यावा ते त्यांना सापडेना. शेवटी "सावकाश जा" म्हणाले.

गंगूताई मागून स्टीलचा डबा घेऊन आल्या आणि सायकलच्या कॅरिअरवर सुतळीने स्वतःच बांधायला लागल्या. "सायकल चालवणाऱ्याला भूक लागते. डबा परत पाहिजे मला."

"पाठवून देतो, आई."

"पाठवायचा न्हाई. आणून द्यायचा." गाठ मारून त्यांनी ती ओढून बघितली. "आणि सरळ रस्त्यानं यायचं."

औंढ्याच्या रस्त्याला, गाव दिसेनासं झाल्यावर, त्याने एका बाभळीजवळ थांबून जाईला फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"जेवायच्या आधी?"

"आधी."

"मग काय म्हणाले?"

"जेवायला घातलं."

"म्हणजे नाही सांगितलंस," जाई म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "मला वाटलंच होतं."

"सांगितलं, जाई. अण्णांनी पाट काढून घेतले. रांगोळी पुसली. मी चटईवर जेवलो. वाण देवाला देणार आहेत."

पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. अनिरुद्ध फोन कानाला लावून उभा राहिला. समोरच्या नांगरलेल्या रानात वावटळ उठली, थोडी माती आणि पाचोळा उचलून जरा पुढे गेली आणि तिथेच बसली. आता आपल्यालाही काही होईल, म्हणून त्याने वाट पाहिली. घशात दुपारचं ते अजून होतं. त्याहून जास्त काही नव्हतं.

"आई काही बोलली?" जाईने विचारलं.

"मला सर म्हणाल्या."

"आणखी?"

"डबा दिलाय बरोबर."

"परत मागितला?"

"मागितला. पाठवायचा नाही, आणून द्यायचा म्हणाल्या."

"मग ठीक आहे," जाई म्हणाली. पदराने की ओढणीने, कशाने तरी तिने तोंड पुसल्याचं ऐकू आलं. "मग ठीक आहे. गुरुवारी वेळेवर ये. आणि रेल्वेनं ये, सायकलवर येऊ नको."

फोन बंद झाला. ग्रुपवर टाइल्सवाल्याने सासुरवाडीच्या ताटाचा फोटो टाकून 'वाळवंट कसं काय?' असं विचारलं होतं. अनिरुद्धने त्याला 'बरं आहे' असं उत्तर दिलं. पुढे औंढ्याकडचा चढ होता. थोडं अंतर गेल्यावर डबा खडखडायला लागला, तेव्हा तो उतरला, सुतळी आणखी एक वेढा देऊन आवळली आणि ऊन डोळ्यांवर घेत चढाला लागला.